द वॉटसन्स गो टु बर्मिंगहॅम, १९६३ : लेकीसोबत वाचलं, त्याबद्दल

लेकीला दहावं लागलंय, तिला अमेरिकेतला वर्णभेद समजावा म्हणून आधी सरळ माहितीचं पुस्तक आणलं होतं, तिने फोटो बघितले आणि ठेवून दिलं. मग ख्रिस्तोफर पॉल कर्टिसची ही कादंबरी घेतली, १९९५ ची आहे, रोज रात्री एक प्रकरण.

अर्ध्याहून जास्त पुस्तक निव्वळ धमाल आहे हे आधीच सांगते. मिशिगनमधल्या फ्लिंटचं कृष्णवर्णीय कुटुंब, गोष्ट सांगतोय दहा वर्षांचा केनी, आणि त्याचा मोठा भाऊ बायरन कडाक्याच्या थंडीत गाडीच्या आरशातल्या स्वतःलाच पप्पी द्यायला जातो नि ओठ तिथेच चिकटतात. लेक हसून लोळली. नवरा म्हणे यात इतिहास कुठाय, म्हटलं थांब जरा.

इतिहास येतो आईच्या वहीतून. हाताबाहेर गेलेल्या बायरनला आजीकडे, दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला सोडायला निघतात तर कुठे थांबायचं, रात्र कुठे काढायची सगळं तिने आधीच लिहून ठेवलंय. लेक म्हणाली, भूक लागली की थांबायचं ना, लिहायचं कशाला? मला हाच प्रश्न हवा होता! दक्षिणेत कृष्णवर्णीयांना वाटेल त्या हॉटेलात घेतच नसत, त्यांच्यासाठी १९३६ पासून 'ग्रीन बुक' नावाचं वेगळं गाईड निघायचं, हे तेव्हा सांगितलं. आणि बर्मिंगहॅममध्ये काळ्या-गोऱ्यांनी एकत्र पत्ते किंवा डॉमिनो खेळणंसुद्धा शहराच्या नियमाने गुन्हा होता, हे ऐकून तर ती उठूनच बसली, पोलिस घरात येऊन पत्ते बघायचे का म्हणे.

शेवटाकडे १५ सप्टेंबर १९६३ चा, बर्मिंगहॅममधल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधला बॉम्बस्फोट येतो. स्पॉयलर देत नाही, पण हे प्रकरण झोपताना वाचू नका, आम्ही सकाळी वाचलं. माझी तक्रारही इथेच आहे, सगळं फार भराभर उरकतं आणि केनी इतका भेदरलेला की त्याला खरंच काय दिसलं हे लेकीला कळेना, दोनदा वाचावं लागलं. मे महिन्यात त्याच शहरात मोर्चा काढणाऱ्या शाळकरी पोरांवर पाण्याचे फवारे आणि कुत्रे सोडले होते, तेही गोष्टीत यायला हवं होतं असं मला वाटतं, ते मी वेगळं सांगितलं.

शेवटचं लेखकाचं टिपण मात्र सोडू नका. खऱ्या स्फोटात चार मुली गेल्या, तिघी १४ वर्षांच्या, एक ११ ची. पहिल्या आरोपीला शिक्षा झाली १९७७ मध्ये, शेवटच्याला २००२ मध्ये. लेकीने बोटांवर मोजलं, म्हणाली आई, चौदा वर्षं, म्हणजे त्या जेवढ्या जगल्या तेवढीच.

नऊच्या आतल्या मुलांना नको, आणि बायरनच्या तोंडी थोड्या शिव्या आहेत, मोठ्याने वाचणार असाल तर तयारीत राहा. पाचपैकी साडेचार.