कर्मचाऱ्यांना शेअर द्यावेत की संचालक मंडळात जागा?

कंपनीच्या यशात कामगारांना वाटा द्यायचा ठरलं की दोन मार्ग समोर येतात. एक, ईसॉपसारख्या, म्हणजे कर्मचाऱ्यांना कंपनीचे भागधारक करणाऱ्या योजनेतून शेअर द्यायचे. दुसरा, संचालक मंडळावर त्यांचे प्रतिनिधी घ्यायचे. मालकांना पहिला मार्ग सोयीचा वाटतो, कारण त्यात कारभाराच्या चाव्या हातातून जात नाहीत. कामगारांनी मात्र नेमकं इथेच सावध राहावं.

शेअर मिळाले आणि भाव चढला तर पैसा होतो, माणसं टिकतात. नवे शेअर काढल्यामुळे जुन्या भागधारकांचा टक्का थोडा घटतो, पण बहुतेकांना ते चालतं. धोका वेगळाच आहे: पगार आणि बचत दोन्ही एकाच कंपनीच्या भरवशावर. अमेरिकेतल्या एन्रॉन या ऊर्जा कंपनीमध्ये कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतली निम्म्याहून जास्त रक्कम एन्रॉनच्याच शेअरमध्ये होती. २००१ च्या शरद ऋतूत भाव कोसळत असताना योजनेचा व्यवस्थापक बदलला जात होता, म्हणून काही आठवडे खाती गोठवलेली होती. विकायचं म्हटलं तरी विकता येईना. डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी एकदमच गेली. शेअर हातात होते, पण आतले हिशेब विचारण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

जर्मनीत हा अधिकार कायद्यानेच मिळतो. १९७६ च्या कायद्यानुसार २,०००हून अधिक कामगारांच्या कंपनीत पर्यवेक्षी मंडळाच्या, म्हणजे कारभार चालवणाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या, निम्म्या जागा कामगारांच्या असतात. मतं समसमान पडली की अध्यक्षाचं जादा मत निर्णायक ठरतं, आणि अध्यक्ष सहसा भागधारकांच्या बाजूचा असतो. म्हणजे शेवटचा शब्द भांडवलाचाच राहतो. तरीही कारखाना बंद करायचा किंवा काम बाहेर द्यायचं घाटत असेल, तर कामगारांच्या प्रतिनिधींना ते वेळेत कळतं आणि आकडे मागता येतात.

गुंतवणूकदार आटतील ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. ऑगस्ट १९९४ नंतर स्थापन झालेल्या लहान जर्मन भागभांडवली कंपन्यांना कामगार प्रतिनिधींची सक्ती उरली नाही, जुन्यांना राहिली. संशोधकांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा प्रतिनिधी असलेल्या कंपन्यांत यंत्रसामग्री व इमारतींमधली गुंतवणूक उलट जास्त दिसली. पगार मात्र फारसे वाढलेले नव्हते. तेव्हा पगारवाढीच्या आशेने जागा मागत असाल तर निराशा होईल. निर्णयांना वेळ लागतो, हेही खरंच.

वर्षानुवर्षं मुरलेलं कसब आणि महागडी यंत्रं यांवर कंपनी उभी असेल तर मी जागाच निवडेन, भागधारक म्हणूनही. नुकती सुरू झालेली, रोखीची चणचण असलेली कंपनी असेल तर शेअर ठीक. पण मग मताधिकारासह द्या, विकण्याची मुभा ठेवा आणि निवृत्तीची बचत त्यात अडकवू नका.