‘वैनी, इथं सही करा’: अपघाताच्या केसमध्ये आम्ही कसे फसलो

आमचे हे गवंडीकाम करतात. 2023 च्या दिवाळीआधी शिनोळीच्या साइटवरून उचगावला परत येताना मागून टेम्पोनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड बसला. शिनोळी म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. आमचं घर कर्नाटकात. मधलं अंतर मोटारसायकलवर काही मिनिटांचं, पण त्याच हद्दीवर एकानं आमच्याकडून पैसे काढले.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी तो वॉर्डात आला. हातात नारळपाणी, बोलणं अगदी आपल्यातलं. “वैनी, जेवलासा काय?” इथनं सुरुवात. ‘मी भरपाईच्या केसचं बघतो’ म्हणाला. वकील आहे असं त्यानं कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मग म्हणाला, सहा महिन्यांच्या आत केस घातली नाही तर गेली. हे खरं होतं. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात ही मुदत आली आहे. शेजारच्या खाटेवरच्या माणसानंही तेच सांगितलं, म्हणून आमचा विश्वास बसला. त्याच दमात दुसरं सांगितलं: “अपघात महाराष्ट्रात झालाय, केस तिकडंच चालणार. या पायानं तारखेला हेलपाटे घालणार काय? माझी ओळख आहे, बेळगावात लावून देतो. पंधरा हजार लागतील.” मी गळ्यातली बोरमाळ गहाण ठेवून दिले. पुढं कळलं, मोटार वाहन कायद्याच्या 166 कलमात अपघात झाला तिथं, अर्जदार राहतो तिथं किंवा समोरची पार्टी राहते तिथं, कुठंही दावा घालता येतो. आम्ही बेळगाव जिल्ह्यातले, म्हणजे बेळगावचं कोर्ट आमच्या हक्काचंच होतं. ओळख कशाला लागते?

कागद सगळे कन्नडमध्ये. यांना साइटवर बोलण्यापुरतं कन्नड येतं, वाचता येत नाही. मला तेवढंही नाही. वकीलपत्र कुठलं, करार कुठला, काही कळलं नाही. पेन्सिलीनं फुली मारलेली असायची, तिथं सही करायची. दोन कोरे बाँड होते, त्यांवरही केली. शिवाय “पैसे जमा व्हायला लागतं” म्हणून यांच्या नावानं बँकेत नवं खातं काढलं. पासबुक, एटीएम कार्ड आणि सह्या केलेले तीन चेक त्याच्याकडं. डिस्चार्ज कार्ड, बिलं, एक्स-रेची फाइलसुद्धा ओरिजिनल नेली. झेरॉक्स देतो म्हटलं तर हसला. “कोर्टात झेरॉक्स चालत नाही, वैनी.”

पुढच्या वर्षी एके दिवशी यांना कोर्टात घेऊन गेला. “आज नुसती हजेरी. साहेब काही विचारले तर मान हलवायची.” आत टेबलापाशी कन्नडमध्ये काहीतरी वाचून दाखवलं आणि विचारलं, “ओप्पिगे इदेया?” म्हणजे, कबूल आहे काय? यांनी मान हलवली. त्यांचा तरी काय दोष? ती लोकअदालत होती. तिथं झालेल्या तडजोडीवर अपील नसतं.

दोन आठवड्यांनी त्यानं साठ हजार रोख आणून दिले. “विमा कंपनीनं उचल दिलीया, बाकी निकालानंतर.” आम्ही त्याला चहा पाजला, चिवडा दिला. त्या चिवड्याची आठवण झाली की अजून अंग पेटतं.

भांडं फुटलं ते भाचीच्या मोबाइलवर. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर नाव टाकून केस शोधता येते, हे तिला ठाऊक होतं. यांच्या नावाचं स्पेलिंग तीन प्रकारे टाकल्यावर एमव्हीसी नंबर, म्हणजे अपघात-दाव्याचा नंबर, सापडला. समोर शिक्का: निकाली. दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन नवं पासबुक मागितलं. मशीन करकरत राहिलं आणि दोन ओळी छापून आल्या. जमा 2,40,000. तीन दिवसांनी सेल्फ चेकनं नावे 2,35,000. चेकवरची सही यांचीच, खोटी म्हणायची सोय नाही.

नंतर एका वकीलबाईंनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. महिना पंधरा हजार कमाई, वय 38 म्हणून गुणक 15 (म्हणजे वर्षाची कमाई पंधरानं गुणायची), आणि कायमचं अपंगत्व कोर्टानं वीस टक्के धरलं, तर नुसत्या बुडालेल्या कमाईचेच 5,40,000 होतात. दवाखान्याचा खर्च आणि यातनांची भरपाई वेगळी. तडजोडीत मात्र अपंगत्वाचा दाखलाच जोडलेला नव्हता. तो काढायला सांगितलंच कुणी होतं?

‘तीस टक्के माझे’ असं त्यानं सुरुवातीलाच ठरवलं होतं. हे सगळीकडं चालतंय, म्हणून आम्हाला त्यात गैर वाटलं नाही. प्रत्यक्षात भरपाईतला हिस्सा ठरवून घ्यायला बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमानं वकिलालाही बंदी आहे, मग हा कोण लागून गेला? वकीलपत्रावर ज्यांची सही आहे त्या वकिलांचं तोंड आम्ही आजवर पाहिलेलं नाही. त्यांच्याविरुद्ध राज्य बार कौन्सिलकडं अर्ज दिलाय, एजंटाविरुद्ध पोलिसांत. लोकअदालतीचा निकाल फसवणुकीच्या कारणावरून मोडायचा, तर धारवाडला हायकोर्टाच्या खंडपीठात रिट याचिका घालावी लागते. त्याची तयारी चाललीय.

ही वकीलबाई आम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातनं मिळाली, फुकट. बाईमाणसाला आणि अपंगाला तिथं उत्पन्नाची अट नाही. 15100 हा नंबर आहे. तिनं पहिल्या दिवशी प्रत्येक कागद मराठीत सांगितला, मगच सही घेतली, आणि ओरिजिनल बघून माझ्या हातात परत दिले. जे उरले होते ते.

गेल्या महिन्यात रॉड काढायचं ठरलं. डॉक्टरांनी पहिल्या ऑपरेशनचे एक्स-रे मागितले. ती फाइल अजून त्याच्याकडंच आहे, आणि फोन लावला की कन्नडमधनं रेकॉर्ड वाजतंय. ते काय म्हणतंय, तेवढं मात्र आता मला कळतं.