खोका खरा, माईक खोटा

गिटारचा आवाज बदलणारी पेडलं आणि तो मोठा करून ऐकवणारे अ‍ॅम्प यांचे डेमो मी रेकॉर्ड करतो. सामान जमवताना सगळं डोकं कॅमेऱ्यात घातलं. रेकॉर्डिंग अर्ध्या तासाला आपोआप बंद पडतं का, कमी उजेडात नॉबभोवतीचे आकडे वाचता येतात का, दिव्यांची लुकलुक चित्रात येते का, सगळं पारखून घेतलं. महिनाभर त्यातच गेला. माईकची पाळी आली तेव्हा पैसेही संपत आले होते आणि धीरही. तिथेच घात झाला.

अ‍ॅम्पसमोर लावायला शुअर कंपनीचा एसएम ५७ हवा होता. १९६५ पासून हा माईक बाजारात आहे. इतक्या रेकॉर्डिंगमध्ये तो गिटार अ‍ॅम्पपुढे लागलाय की ऐकणाऱ्याच्या कानात त्याचा आवाज आधीच बसलेला असतो. त्यामुळे डेमोत फरक दिसला तर तो पेडलचा आहे असं माणूस धरून चालतो. एवढ्या खपाच्या मालाची नक्कलही तेवढीच निघते, हे ऐकून होतो. तरी पडलोच.

वापरलेल्या सामानाच्या एका साइटवर एक जण विकत होता. तो म्हणाला, स्टुडिओ बंद करतोय, जेमतेम वापरलाय. किंमत नव्याच्या निम्मी. फोटोत खोका, पाउच, क्लिप, वॉरंटीचे कागद, सगळं जागच्या जागी. मी चालू माईकचा व्हिडिओ मागितला, तोही लगेच आला: स्पीकरला जोडलेल्या माईकमध्ये तो "हॅलो, चेक, चेक" म्हणतोय आणि फोनवर ते टिपलंय. फोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो, त्यात खऱ्याखोट्यातला फरक उरत नाही. याच कारणासाठी आपण कॅमेऱ्याच्या आतल्या माईकवर डेमो घेत नाही. हळू आणि जोरात वाजवलेलं तो एकाच पातळीवर आणून ठेवतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तो व्हिडिओ बघताना आठवलं नाही. माईक चालतो एवढंच त्यातून कळत होतं, आणि चालते तर नक्कलही.

मग तो म्हणाला, "साइटवरून घेतलंत तर कमिशन जातं, थेट खात्यात टाका, अजून थोडं कमी करतो." मी टाकले.

चार महिन्यांत त्या माईकवर नऊ डेमो केले. प्रत्येकात वरचा आवाज कानाला टोचायचा आणि खाली भरीवपणा नसायचा. मी दोष शोधत राहिलो खोलीत, स्पीकरमध्ये, माईकच्या जागेत. स्पीकरच्या कोनच्या, म्हणजे आतल्या पडद्याच्या, मधोमध ठेवून बघितला, कडेला सरकवला, तिरका केला. माईकवरच शंका घ्यावी असं एकदाही वाटलं नाही.

यातली एक गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही. एका माणसाने, जो घरी एकटा बसून एकेक पेडल सोल्डर करतो, त्याचं नवं पेडल मला डेमोसाठी पाठवलं होतं. मी व्हिडिओत स्पष्ट म्हटलं, याचा वरचा आवाज टोचतो. त्याने दोन ओळी पाठवल्या: "दादा, माझ्याकडे असं ऐकू येत नाही. अ‍ॅम्प कोणता होता?" मी अ‍ॅम्पचं नाव कळवलं आणि पुढच्या कामाला लागलो.

खरं काय ते मित्र त्याचा एसएम ५७ घेऊन आला त्या दिवशी कळलं. लूपरमध्ये, म्हणजे वाजवलेलं जसंच्या तसं पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलमध्ये, एक छोटा तुकडा वाजवून ठेवला, म्हणजे हाताचा फरक राहू नये. दोन्ही माईक अ‍ॅम्पच्या पुढच्या जाळीपासून सारख्याच अंतरावर, एकाच जागी, माईक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसवर आवाजाची पातळी तीच, एकामागून एक. पहिल्या चार सुरांतच मित्राने माझ्याकडे बघितलं. त्याच्या माईकमध्ये खालच्या तारेला अंग होतं. माझ्यात नुसती चिरचिर.

मग वजन केलं. खऱ्याचं २८४ ग्रॅम असतं. माझा ४० ग्रॅमने हलका भरला. डोकं फिरवून उघडलं. आत ट्रान्सफॉर्मर, म्हणजे माईकचा सिग्नल पुढच्या यंत्राला जुळवून देणारा भाग, नव्हताच. दोन बारीक वायरी कशाबशा डाग देऊन सरळ खालच्या सॉकेटला नेल्या होत्या. खऱ्याच्या दांड्यात ट्रान्सफॉर्मर गोंदात घट्ट बसवलेला असतो. अर्थात काही नकला वजनातही जमतात आणि ट्रान्सफॉर्मरही घालतात, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नका. खात्रीचा माईक शेजारी ठेवून केलेलं रेकॉर्डिंग हीच त्यातल्या त्यात भरवशाची परीक्षा.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "मी दिलेला खराच होता, तुम्ही बदललात." पार्सल उघडतानाचा व्हिडिओ माझ्याकडे नव्हता. साइटवाल्यांकडे व्यवहाराची नोंदच नव्हती, कारण पैसे बाहेरून गेले होते. तक्रार दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

कॅमेरा खोटा निघाला असता तर चित्र वाईट दिसलं असतं आणि बघणाऱ्यालाही ते कळलं असतं. माईक खोटा निघाला की ऐकणारा मुकाट्याने पेडललाच दोष देतो. म्हणून सांगतो, वापरलेला माईक घ्यायचा तर समोरासमोर घ्या, वजनकाटा आणि ओळखीचा माईक सोबत न्या, तो माणूस "थेट पाठवा" म्हणाला की उठून या. पार्सलनेच येणार असेल तर चिकटपट्टी कापण्याआधी कॅमेरा चालू करा आणि परत करायची मुदत संपायच्या आत त्यावर एक पूर्ण डेमो रेकॉर्ड करून बघा.

पेडलवाल्याला फोन करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मी त्यानंतर दोनदा पेडलमधले कपॅसिटर बदलून बघितले." त्याचा डेमो मी खऱ्या माईकवर पुन्हा केला, जुना काढला आणि कारण नव्या डेमोच्या सुरुवातीलाच सांगितलं. उरलेल्या आठांपैकी पाच नव्याने झालेत. तीन अ‍ॅम्प मालकांना परत गेलेत, त्यांचे व्हिडिओ काढून टाकले.