सांधेदुखी आणि पचन: आल्याचा काढा की हळदीचा?

पोट जड झालंय, मळमळतंय? सरळ आलं घ्या, हळदीच्या नादी लागू नका. आल्याने जठर लवकर रिकामं होतं. सुंठ चालेल, फक्त बेताने. वाळताना आल्यातल्या जिंजेरॉल या तिखट घटकाचं त्याहून तिखट शोगॉल होतं, म्हणून ती जास्त झणझणते.

सांध्यांसाठी हळदीचा गाजावाजा मोठा. पण करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा गुणकारी घटक, नुसत्या पाण्यात विरघळत नाही, पिवळा गाळ कपाच्या तळाशीच बसतो. ते अंगी लागायला चमचाभर तूप आणि चिमूटभर मिरपूड हवीच. गुडघेदुखीत आलं आणि हळद दोन्हींचा गुण माफक, तोही बहुतेक अर्काच्या गोळ्यांवर तपासलेला. काढ्याकडून तेवढी अपेक्षा कशाला?

पित्ताशयात खडे असतील तर हळदीचा काढा नकोच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दोन्हींबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.