टेक्सासमधील रानडुकराची पारध: मचाणावर बसावे की रात्री माग काढावा?

ह्यूस्टन किंवा डॅलसच्या आसपास राहणाऱ्या, अथवा तेथे नातेवाइकांकडे आलेल्या मराठी माणसाने खासगी रँचवर (गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण जमिनीवर) मार्गदर्शकासह रानडुकराची पारध करायचे ठरवले, की त्याच्यापुढे बहुधा दोन पर्याय येतात. दिवस मावळताना मक्याच्या फीडरसमोर (जनावरांना मका टाकणाऱ्या यंत्रासमोर) मचाणावर बसून वाट पाहणे हा एक, आणि अंगाच्या उष्णतेवरून अंधारातही जनावर दाखवणारी थर्मल दुर्बीण घेऊन रात्री शेतांमधून कळपाचा माग काढणे हा दुसरा. महाराष्ट्रात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौसेखातर शिकार करता येत नाही. टेक्सासमध्ये मात्र ही डुकरे उपद्रवी मानली जातात. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरे रानात सुटली, १९३० च्या दशकात शिकारीसाठी सोडलेल्या युरोपीय रानडुकरांशी त्यांचा संकर झाला, आणि आज त्यांच्या शिकारीवर तेथे ना हंगामाचे बंधन आहे ना संख्येचे.

पर्याय निवडण्याआधी परवान्याची बाब समजून घ्यावी, कारण ‘परवाना लागत नाही’ असे सांगणाऱ्या रँचच्या जाहिराती येथे नकळत दिशाभूल करतात. जमीनमालकाची संमती असल्यास खासगी जमिनीवर रानडुक्कर मारण्यासाठी १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमध्ये शिकार परवाना लागत नाही, हे खरे आहे. परंतु एच-१बी, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगण्यास मुळात मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्या मनाईतील एक प्रमुख अपवाद आहे. मार्गदर्शकाने काही मिनिटांसाठी हाती दिलेली रायफलही ‘बाळगणे’ या व्याख्येत येऊ शकते. म्हणून अशा व्हिसावर असलेल्यांनी, राज्य मागत नसले तरी, परवाना काढूनच जावे. राज्याबाहेरच्यांसाठी पाच दिवसांचा विशेष परवाना ४८ डॉलरला मिळत आला आहे. त्या खर्चात काटकसर करण्यात अर्थ नाही.

आता मुख्य तुलना. मचाणावर नेमबाजी सोपी असते: अंतर आधीच ठाऊक असते, रायफलीला आधार मिळतो, उजेड असेपर्यंत जनावर नीट पारखता येते आणि मार्गदर्शक शेजारी बसून कोणते मारायचे ते कुजबुजत सांगतो. डुकराची नजर अधू असली तरी नाक फार तीक्ष्ण असते, त्यामुळे वारा पाहून जागा निवडणारा मार्गदर्शक भेटणे येथे निर्णायक ठरते. उणीव एवढीच की कळप आलाच नाही, तर संपूर्ण संध्याकाळ रिकाम्या फीडरकडे पाहण्यात जाते. उन्हाळ्यात ही शक्यता बरीच वाढते, कारण डुकराला घाम जवळजवळ येत नाही आणि उकाड्यात ते अंधार पडल्यावरच बाहेर निघते.

थर्मल मोहिमेत माणूस कळपाकडे जातो, एका रात्रीत अनेक शेते पालथी घातली जातात आणि एकाहून अधिक डुकरे मिळण्याची संधी असते. मात्र पडद्यावर दिसणारी उष्ण आकृती डुकराची आहे की वासराची, आणि तिच्या मागे काय आहे, हे ओळखायला सराव लागतो. शिवाय पहिली गोळी सुटताच कळप उधळतो आणि नवशिका घाईत जनावर जखमी करून बसतो. माझ्या मते प्रथमच जाणाऱ्याने डिसेंबर ते फेब्रुवारीमध्ये मचाण निवडावे. जुलै-ऑगस्टमध्येच जायचे असेल आणि रायफलीचा हात बसलेला असेल, तर थर्मल मोहीम बरी.

हेलिकॉप्टरमधून पैसे देऊन डुकरे मारण्यास टेक्सासने २०११ मध्ये मुभा दिली. तो कित्येक पटींनी महाग प्रकार असून त्यात पारधीपेक्षा पीकसंरक्षणाचा भाग अधिक आहे. उंच कुंपणाच्या रँचवर शिकार जवळपास हमखास मिळते आणि मोठ्या सुळ्यांच्या नराचा दर वेगळा लावला जातो. ज्याला भिंतीवर सुळे हवेत त्याने तेथे खुशाल जावे, पण गुरांच्या साध्या कुंपणाखालून येणारे-जाणारे कळप हीच खरी पारध, असे मी मानतो.

मांसासाठी जाणाऱ्याने मध्यम वजनाची मादी मागावी, कारण मोठ्या नराच्या मांसाला उग्र वास असतो. ब्रुसेलोसिस आणि ट्रायकिनोसिस या डुकरापासून माणसाला होणाऱ्या रोगांचा धोका असल्याने जनावर सोलताना रबरी हातमोजे घालावेत आणि मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापेल असे शिजवावे. आपला मंद आचेवरचा रस्सा यासाठी उत्तम. चरबी निळी दिसली तर ते मांस टाकून द्यावे, कारण डुकरे मारण्यासाठी ठेवलेल्या वॉरफरिन या विषाच्या आमिषात तसा रंग मिसळलेला असतो.

पैसे भरण्यापूर्वी जाहीर दरात काय धरलेले नाही ते लेखी विचारावे. सोलणे आणि तुकडे करणे, रायफल व थर्मल दुर्बिणीचे भाडे, मुक्काम यांचे पैसे अनेकदा वेगळे द्यावे लागतात. जखमी होऊन निसटलेले जनावर बहुतेक ठिकाणी मारलेलेच धरले जाते, आणि मार्गदर्शकाला दहा ते वीस टक्के टिप देण्याचा रिवाज आहे. बर्फाने भरलेला मोठा कूलर स्वतःच न्यावा, कारण रँचवर तो मिळेलच असे नाही.