घोड्याचा अल्सर: ओमेप्राझोल, रॅनिटिडीन की सुक्राल्फेट?

चंदी अर्धवट टाकतो, तंग आवळताना कान मागे टाकून चावायला येतो, खाऊनही अंग धरत नाही. जंताचं औषध देऊनही हे थांबत नसेल तर अल्सरची शंका घ्या. कुठलं औषध द्यायचं हे अल्सर जठरात कुठे आहे यावर ठरतं, आणि ते नक्की कळतं ते तीन मीटरच्या एंडोस्कोपनेच, म्हणजे जठरात घालायच्या कॅमेऱ्याच्या नळीने. ती सोय जवळ असेल तर खर्चाकडे बघू नका.

जठराच्या वरच्या भागातल्या अल्सरला आम्ल कमी करणारं ओमेप्राझोलच घ्यावं, माझं मत अगदी स्पष्ट आहे. मात्रा किलोमागे ४ मिलीग्रॅम, म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला १४०० मिलीग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. सकाळी उपाशीपोटी द्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने वैरण टाका. शक्यतो घोड्यांसाठीची पेस्टच घ्या. माणसांच्या कॅप्सूलमधले दाणे कुटून चंदीत कालवतात, ते मात्र कधीही करू नका. दाण्यावरचं आवरण फुटलं की जठरातलं आम्ल औषध आतड्यापर्यंत पोचूच देत नाही. पैसे जातात, घोडा तसाच.

रॅनिटिडीनही आम्लच कमी करतं आणि स्वस्त वाटतं. पण त्याच घोड्याला एका वेळी १५० मिलीग्रॅमच्या पंधराएक गोळ्या लागतात, त्याही दर आठ तासांनी. रात्रीची पाळी चुकतेच. शिवाय गुण कमीच.

खालच्या, ग्रंथींच्या भागातला अल्सर चिवट असतो. तिथे एकट्या ओमेप्राझोलने थोडेच घोडे बरे होतात, म्हणून जोडीला सुक्राल्फेट देतात. ते आम्ल कमी करत नाही, जखमेवर थर धरतं. मिसोप्रोस्टॉल हाही पर्याय आहे, पण गाभण घोडीला ते चालत नाही आणि घरातल्या गरोदर बाईने त्याला हातही लावू नये.

यातलं काहीही दिलं तरी वैरण बदलावीच लागते. घोडा खात नसला तरी त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झरत असतं, आणि आपल्याकडे तो दोन तोबऱ्यांच्या मधे तासन्‌तास रिकामा उभा असतो. चंदी कमी करा, तीही थोडी थोडी विभागून द्या, कडबा किंवा वाळलेलं गवत सतत पुढ्यात ठेवा. रपेटीआधी लसूणघास द्या: त्यातलं कॅल्शियम आम्ल शमवतं आणि चाऱ्याच्या थरामुळे आम्ल वर उसळत नाही.

लंगडण्यावर फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक चालू असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. अल्सर त्यानेही होतो.