उतारावर ठणठणीत, चढावर बंद : 48 व्होल्टच्या किट बॅटरीचा रिव्ह्यू

साध्या सायकलला हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी विजेची मोटर) बसवून घेतली की किटसोबत एक बिनब्रँडची बॅटरी मिळते. काळा प्लॅस्टिकचा डबा, फ्रेमच्या तिरप्या नळीवर बसणारा, बाजूला किल्लीचं लॉक. लेबलवर 48 व्होल्ट, 13 ॲम्पिअर-अवर. आत 2600 मिलीॲम्पिअर-अवरचे 65 सेल असतात: पाच-पाच सेल समांतर जोडून केलेले 13 गट. नागपूरच्या सपाट रस्त्यांवर ही बॅटरी छान चालते. सेमिनरी हिल्सचा चढ किंवा एखादा उड्डाणपूल आला की मात्र मध्येच दम तोडते, आणि दुकानदार सांगतो, "सेल गेले, नवीन घ्या." हे निदान मीटर न लावता केलेलं असेल तर मानू नका.

आधी डिस्प्लेकडे बघा. मोटर थांबली पण डिस्प्ले चालू राहिला, तर संशय कंट्रोलरच्या (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डबीच्या) लो-व्होल्टेज कटवर, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की मोटर थांबवण्याच्या सोयीवर, ब्रेक लिव्हरमधल्या अडकलेल्या स्विचवर किंवा मोटरच्या सैल प्लगवर घ्यावा. डिस्प्लेही काळा पडला, तर दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत.

खड्ड्यात दणका बसला की बंद पडते? मग सेलना हात लावायची गरज नाही. डबा काढा आणि खालच्या पाळण्यातल्या, म्हणजे डबा ज्यात बसतो त्या पट्टीतल्या, पितळी पत्त्या पाहा. या बॅटरीची सगळ्यात हलकी बाजू हीच. पत्त्या सैल असतात, ठिणग्या उडून काळ्या पडतात, कधी भोवतीचं प्लॅस्टिकही वितळलेलं दिसतं. बारीक पॉलिश पेपरने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पत्ती किंचित वाकवून पकड घट्ट करा. फ्यूज त्याच्या खाचेत हलतोय का तेही बघा. किल्लीच्या स्विचमधून मोटरचा पूर्ण करंट जात असेल तर तो आज ना उद्या जळणारच.

चढावर बंद पडून लॉक बंद-चालू केल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर बीएमएसने, म्हणजे डब्यातल्या सेलची राखण करणाऱ्या सर्किटने (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम), पुरवठा तोडला असण्याची शक्यता जास्त. बीएमएस प्रत्येक गटाचा व्होल्टेज वेगळा मोजतो. समजा जोर पडल्यावर बारा गट 3.4 व्होल्टवर आहेत आणि एकच 2.7 वर घसरला. एकूण 43.5 व्होल्ट भरतात, डिस्प्लेवर दांड्याही दिसतात, तरी त्या एका गटापायी बीएमएस सगळं बंद करतो. भार गेला की तो गट पुन्हा वर येतो, म्हणून दुकानात नेईपर्यंत बॅटरी साळसूद झालेली असते.

तपासायचं ते असं. पूर्ण चार्ज करून तासभर ठेवा आणि मोजा. 54.6 च्या आसपास हवेत. चार्जरचा दिवा हिरवा झालाय आणि बॅटरी 53 वरच, तर चार्जरचं आउटपुट मोजा, ते 54.6 असेल तर एखादा गट आधी भरून चार्जिंग थांबवतोय. चार्जिंग पोर्टवर व्होल्टेज आहे आणि खालच्या पत्त्यांवर शून्य, तर फ्यूज, किल्लीचा स्विच किंवा बीएमएस. कधी कधी बंद बीएमएसमधूनही मीटरला खोटा आकडा दिसतो. त्यासाठी पत्त्यांना घरातला 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा: तांबूस पेटला तर पुरवठा खरा, लावताक्षणी आकडा कोसळला तर खोटा.

पुढचं काम डबा उघडून. वॉरंटी चालू असेल तर सील फोडू नका. बीएमएसच्या बारीक प्लगमध्ये 14 तारा असतात. शेजारच्या दोन-दोन तारांमध्ये मोजत गेलं की 13 आकडे मिळतात. अंगठी, कडं काढून ठेवा, मीटरची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. 0.03 व्होल्टपर्यंत फरक चालतो. 0.1 च्या वर असेल तर बीएमएसला गट एका पातळीवर आणता यावेत (यालाच बॅलन्सिंग म्हणतात) म्हणून चार्जर लावून ठेवा, पण घरात जागं कोणी असेल तेव्हाच. बीएमएसचा बॅलन्सिंग करंट जेमतेम 50 मिलीॲम्पिअरच्या घरात असतो, त्यामुळे 1 ॲम्पिअर-अवरची तफावत भरायला 20 तास लागतात. घाई करून उपयोग नाही. एवढं करूनही तोच गट आठवड्यात मागे पडला, तर त्यातला सेल बाद आहे किंवा निकेल पट्टीचं वेल्डिंग सुटलंय. तिथे स्पॉट वेल्डिंगवाला गाठावा. सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवणारा कारागीर असेल तर बॅटरी उचलून परत या.

"बीएमएस बायपास करून देतो, परत बंद पडणार नाही," असं कोणी म्हणालं तर खरंच बंद पडणार नाही. सेल मरेपर्यंत किंवा पेटेपर्यंत चालेल.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, आणखी एक भानगड. 45 अंशांत उभ्या केलेल्या सायकलवरचा काळा डबा हवेपेक्षा बराच जास्त तापतो, आणि लिथियम-आयन सेल 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत. ऑफिसातून आल्या आल्या प्लग लावू नका. डबा काढून कूलरच्या वाऱ्याजवळ, पाणी उडणार नाही असा ठेवा आणि रात्री चार्ज करा.

घ्यावी का? कंट्रोलर 20 ॲम्पिअरचा असेल तर हो. सेलमागे 4 ॲम्पिअर येतात, तेवढं हे सेल सोसतात. 25 च्या कंट्रोलरला हीच बॅटरी देणाऱ्या दुकानात थांबू नका. घेताना 30 ॲम्पिअरचा बीएमएस बिलावर लिहून घ्या आणि पाळण्याची पत्ती बोटाने हलवून बघा.